साहेबांचा रोजा

'गफलत' हा शब्द मराठी माणूस दिवसातून एकदा तरी वापरतो. अकोल्याच्या धान्यबाजारात पोत्यांची मोजणी चुकली, गफलत झाली. अमरावतीच्या एखाद्या कार्यालयात एकाची फाईल दुसऱ्याच्या टेबलावर गेली, गफलत झाली. मुकादम हमालावर ओरडतो, "लक्ष कुठी हाय तुयं?" आणि हमाल खाली मान घालून म्हणतो, "मालक, गफलत झाली." शब्द मूळचा अरबी. फारसीतून दरबारात आला आणि दरबारातून बाजारात. येता येता त्याचा अर्थ जरा सरकला. आपण गफलत म्हणजे चूक समजतो. मूळ अर्थ आहे भान नसणे. चूक नंतर होते, भान त्याआधीच सुटलेले असते. त्या हिशेबाने मुकादमाचा प्रश्न हमालाच्या उत्तरापेक्षा अधिक नेमका आहे. फक्त तो प्रश्न मुकादमाला कोणी विचारत नाही.

इस्लामी परिभाषेत गफलतीच्या समोर उभा असणारा शब्द म्हणजे 'जिक्र', अर्थात स्मरण. रमजानचा महिना या स्मरणाच्या सरावाचा आहे. दुपारी तहान लागते, हात सवयीने माठाकडे जातो आणि मध्येच आठवते, आज रोजा आहे. हात थांबतो. पहिल्या चार-पाच रोजांत असे दिवसातून कितीतरी वेळा होते. पाहणारे कोणी नसते, घोटभर पाणी प्यायले तर कुणाला कळणारही नसते. तरीही हात थांबतो. सवय आणि कृती यांच्यामध्ये एक क्षण शिरतो, आणि त्या क्षणात माणूस जागा असतो.

बौद्ध साधनेत जो पाली शब्द या जागेपणासाठी वापरला जातो तो 'सती', म्हणजे संस्कृतातली स्मृती. तिथेही अर्थ आठवण असाच. एकोणिसाव्या शतकात पाली ग्रंथ इंग्रजीत आणणाऱ्यांनी या शब्दाला 'माइंडफुलनेस' असा प्रतिशब्द दिला. 1979 मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी त्यावर आधारलेला आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. दवाखान्यातून तो शब्द शाळांत गेला, तुरुंगांत गेला आणि पुढे कंपन्यांत. 2007 मध्ये गूगलने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अशा वर्गाची सुरुवात केली. आता आपल्याकडच्या प्रशिक्षण वर्गांतही तो ऐकू येतो. मराठीत कोणी सजगता म्हणतात, कोणी अवधान. वऱ्हाडातल्या आजीला विचारले तर ती सरळ 'भान' म्हणेल, आणि तिचा शब्द सर्वांत चांगला आहे.

हे भान कोणाला शिकवायचे, हा खरा प्रश्न. बहुतेक ठिकाणी ते कर्मचाऱ्याला शिकवले जाते, कारण ताण त्याच्यावर असतो. पण त्याचा बराचसा ताण वरून आलेला असतो. हमालाची गफलत एका पोत्याची असते. ज्याच्या हाताखाली दहा, पन्नास, दोनशे माणसे आहेत त्याची गफलत माणसांवर पडते. न वाचता केलेली सही, ऐकीव माहितीवर काढलेली कारणे दाखवा नोटीस, रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेला तिखट संदेश, नव्या शिक्षिकेला वर्गासमोर मुख्याध्यापकांनी सुनावलेले दोन शब्द. कापलेला पगार परत देता येतो. चारचौघांत काढलेली लाज परत देता येत नाही.

उर्दू बोलणाऱ्या घरांत आणि बाजारांत एक मजेदार वाक्प्रचार आहे. कोणी दुपारी तीननंतर विनाकारण चिडचिड करू लागला की बाकीचे हळूच म्हणतात, "आज इनको रोजा लगा है." अकोल्यातल्या एखाद्या दालमिलमध्ये किंवा अमरावतीतल्या एखाद्या दुकानात मालकालाच 'रोजा लागला', तर दिवस कठीण जातो. याची कारणे शरीरात आहेत. पहाटे सहेरीसाठी उठलेला आणि रात्री तरावीहच्या नमाजला उभा राहिलेला माणूस झोपेला मुकलेला असतो. रोज सहा कप चहा पिणाऱ्याचे चहा बंद झाल्याने पहिले काही दिवस डोके ठणकते. 2018 साली रमजान मे-जूनमध्ये आला होता, आणि मे महिन्यातला अकोला काय असतो हे बाहेरच्याला सांगावे लागते, वऱ्हाडातल्याला नाही. चांद्र वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, म्हणून रमजान आता उन्हाळ्यातून हळूहळू थंडीकडे चालला आहे. उन्हाची सबब त्यामुळे पुढची काही वर्षे चालणार नाही.

पण शरीराची कारणे समजून घेणे वेगळे आणि ती हाताखालच्या माणसावर काढणे वेगळे. रोजेदाराशी कोणी भांडायला आले, शिवी दिली, तर त्याने उलट उत्तर न देता 'मी रोज्यात आहे' एवढेच म्हणावे, अशी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये नोंदलेली आहे. हे मोठ्याने म्हणायचे की मनातल्या मनात, यावर पुढे विद्वानांनी चर्चा केली. काहींचे मत असे की मोठ्याने म्हणावे, म्हणजे समोरचा थांबेल. काहींचे मत असे की स्वतःशीच म्हणावे, म्हणजे आपण थांबू. आजच्या साहेबाला दुसरे मत अधिक लागू पडते. त्याच्यासमोरचा माणूस तसाही थांबलेलाच असतो. बिचाऱ्याला बोलायची सोय नसते.

रागाविषयी आणखी एक प्रसिद्ध हदीस आहे. कुस्तीत दुसऱ्याला चीत करणारा तो बलवान नाही, राग आलेला असताना स्वतःला आवरणारा तो बलवान, असा तिचा आशय. 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन करणाऱ्या आणि 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या मुलांना देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवायला पाठवणाऱ्या अमरावतीला ही उपमा समजावून सांगायला नको. आखाड्यात पाऊल टाकलेल्या कुणालाही माहीत असते की चिडलेला मल्ल लवकर पडतो. राग आला तर उभ्याने बसावे, बसलेल्याने आडवे व्हावे, वुजू करावे म्हणजे हातपाय-तोंड धुवावे, असेही सांगितले आहे. यात गूढ काही नाही. उभा माणूस मारायला धावू शकतो, बसलेल्याला आधी उठावे लागते. तेवढ्यात एक-दोन श्वास जातात. कार्यालयातल्या कुणाही वरिष्ठाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, खुर्चीवरून उठून नळापर्यंत जाऊन तोंड धुऊन येणे जमण्यासारखे आहे.

थांबण्याची सर्वांत मोठी गोष्ट मौलाना रूमींनी 'मसनवी'त सांगितली आहे. हजरत अली (रजि.) यांनी रणात शत्रूला खाली पाडले, तलवार उगारली, आणि तो शत्रू त्यांच्या तोंडावर थुंकला. अलींनी तलवार टाकून दिली. खाली पडलेला माणूस चक्रावला. जिंकत आलेली लढाई का सोडली? अलींचे उत्तर असे की आतापर्यंत मी एका ध्येयासाठी लढत होतो. तू थुंकलास तेव्हा माझा स्वतःचा राग त्यात मिसळला. त्या रागासाठी मी तलवार चालवणार नाही. गोष्ट रणांगणाची असली तरी रोजची आहे. कामगार उशिरा आला म्हणून त्याला समज देणे हे मालकाचे कामच आहे. पण त्याने उलट उत्तर दिले, आणि त्यानंतर मालक जे बोलतो ते उशिराबद्दल असते की उलट उत्तराबद्दल? त्या मधल्या क्षणी तलवार टाकता आली पाहिजे. समज संध्याकाळीही देता येते.

हा मधला क्षण कसा सापडायचा, याचा सर्वांत व्यवहारी विचार नऊशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाने करून ठेवला आहे, आणि तो अकोल्याच्या बाजारपेठेला कळेल अशाच भाषेत. इमाम गजाली हे त्यांचे नाव. जन्म 1058 चा, खुरासानातल्या तूस गावचा. 1091 मध्ये वजीर निजाम-उल-मुल्क यांनी त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात प्रमुख अध्यापक नेमले. त्या काळातले हे विद्येच्या क्षेत्रातले सर्वांत मानाचे पद. शेकडो विद्यार्थी समोर बसत. चार वर्षांनी, 1095 मध्ये, त्यांची जीभच चालेना. शिकवायला बसले की शब्द फुटत नसे, घास गिळवत नसे. वैद्यांनी सांगितले, दुखणे मनाचे आहे, औषधाने जाणार नाही. गजालींनी आत्मचरित्रात हे सारे आडपडदा न ठेवता लिहिले आहे. आपण शिकवतो ते कशासाठी, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि उत्तर मिळाले: नावासाठी. मग पद सोडले, बगदाद सोडले, आणि दहा-अकरा वर्षे साधेपणाने राहिले. याच काळात त्यांनी 'इह्या उलूमिद्दीन' हा मोठा ग्रंथ लिहिला. पुढे ते पुन्हा शिकवू लागले, निशापूरला. 1111 मध्ये तूसमध्येच वारले. पद सोडण्यापेक्षा हे परतणे जास्त बोलके आहे. त्यांनी काम वाईट ठरवले नाही. काम करणाऱ्याची नियत तपासली. नियत म्हणजे कृतीमागचा हेतू.

'इह्या'च्या चाळीस भागांतला अडतिसावा भाग 'मुराकबा' आणि 'मुहासबा' यांवर आहे. मुराकबा म्हणजे स्वतःवर नजर ठेवणे. मुहासबा म्हणजे स्वतःचा हिशेब घेणे; आपला 'हिशेब' त्याच अरबी धातूचा. गजालींनी इथे व्यापाराचा दाखला दिला आहे. व्यापारी आपले भांडवल भागीदाराच्या हाती देतो तेव्हा काय करतो? आधी अटी ठरवतो. मग लक्ष ठेवतो. शेवटी हिशेब मागतो. खोट आली तर जाब विचारतो. माणसाचे भांडवल म्हणजे त्याचे आयुष्य, आणि त्याचा भागीदार म्हणजे त्याचे स्वतःचे मन. पहाटेच्या नमाजनंतर थोडा वेळ बसून या भागीदाराशी दिवसाच्या शर्ती ठरवाव्यात, दिवसभर त्याच्यावर नजर ठेवावी आणि रात्री वही उघडावी. रुपयाचा हिशेब ठेवणारा माणूस दिवसाचा ठेवत नाही, याचे त्यांना नवल वाटते. ज्या गावात दिवाळीला चोपडीपूजन होते आणि मार्चअखेर सनदी लेखापालांच्या कार्यालयातले दिवे रात्रभर जळतात, त्या गावाला या नवलातली गंमत कळेल.

गजालींच्या म्हणण्यानुसार प्रत्येक कृतीला तीन प्रश्न विचारले जातील: का केली, कशी केली, कुणासाठी केली. हे तीन प्रश्न एखाद्या नोटिशीवर सही करण्याआधी विचारून पाहावेत. का, हे साधारणपणे ठाऊक असते. नियमच तसा असतो. कशी, इथे अडखळायला होते. समोरच्याला बोलावून विचारले का, की थेट कागद काढला? कुणासाठी, इथे मात्र पेन थांबते. कार्यालयासाठी, की काल बैठकीत त्याने सर्वांसमोर आपली चूक दाखवली म्हणून? कित्येक नोटिसा तिसऱ्या प्रश्नावर फाडल्या जातील. काही फाडल्या जाणारही नाहीत. भान ठेवणारा वरिष्ठ नरम असतोच असे नाही. चोरी चोरीच असते आणि तिचा बंदोबस्त करावाच लागतो. फरक एवढा की तो करताना हात थरथरत नाही आणि रात्री झोप लागते.

मन लावून गप्प बसणे ही काही एका धर्माची मिरास नाही, हे वऱ्हाडाला वेगळे सांगायला नको. अमरावती-नागपूर रस्त्यावरच्या मोझरीला 1935 साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज आश्रम उभा केला. गुरुदेव सेवा मंडळाच्या कार्यकर्त्यांचा दिवस पहाटेच्या सामुदायिक ध्यानाने सुरू व्हायचा आणि सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेने संपायचा. मधल्या वेळात झाडू, कुदळ, शाळा, दवाखाना. गजालींच्या सकाळच्या शर्ती आणि रात्रीची वही इथेही आहे, फक्त एकट्याने नाही, सर्वांनी मिळून. महाराज 11 ऑक्टोबर 1968 रोजी गेले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी लाखोंचा जमाव मौन पाळतो. एवढी गर्दी आणि आवाज नाही. ज्याने ते एकदा अनुभवले आहे त्याला शांततेची व्याख्या सांगावी लागत नाही. तिथल्या प्रार्थनेत सर्व धर्मांना जागा असते, हेही इथल्या लोकांना नवे नाही.

कार्यालयात बसून ही साधना करता येते का, याचे उत्तर मात्र शेजारच्या देशातून आले, आणि फिरून महाराष्ट्रात पोहोचले. ब्रह्मदेशात ऊ बा खिन नावाचे गृहस्थ होते. 1899 चा जन्म. महालेखापालांच्या कार्यालयात साधे कारकून म्हणून लागले आणि 1948 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याचे महालेखापाल झाले. साऱ्या देशाच्या जमाखर्चाची तपासणी ज्यांच्याकडे, असा हा माणूस विपश्यनेचा साधक होता. त्यांनी कार्यालयातच साधनेची सोय केली आणि हाताखालच्या लोकांना शिकवू लागले. एका वेळी अनेक खात्यांचा भार त्यांच्यावर असे. साधनेसाठी काम सोडले नाही आणि कामासाठी साधना सोडली नाही, हे त्यांचे वैशिष्ट्य.

त्यांच्याकडे 1955 मध्ये एक मारवाडी उद्योगपती आला. सत्यनारायण गोयंका, जन्म मंडालेचा. तीव्र अर्धशिशीने हैराण, मॉर्फिनची इंजेक्शने घेण्यापर्यंत वेळ आलेली, परदेशातल्या डॉक्टरांनी हात टेकलेले. ऊ बा खिन यांनी त्यांना आधी नकार दिला. डोकेदुखीसाठी आला असशील तर ही जागा तुझी नाही, मन शुद्ध करायचे असेल तर ये, असा त्यांचा सूर होता. उत्पादन वाढावे, ताण कमी व्हावा, राजीनामे थांबावेत म्हणून ध्यानाचे वर्ग भरवणाऱ्या आजच्या कंपन्यांनी हा नकार नीट ऐकावा. गोयंका पुढे आले, शिकले. आणि गुरूंच्या हाताखाली चौदा वर्षे घालवून 1969 मध्ये भारतात परतले. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र 1976 पासूनचे. अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याजवळही आज विपश्यनेचे केंद्र आहे. महाराष्ट्र शासनाने आपल्या अधिकाऱ्यांना या दहा दिवसांच्या शिबिरासाठी रजेची सोय करून दिली. साहेबाने दहा दिवस फोन बंद ठेवून, कुणाशी न बोलता, स्वतःच्या श्वासाकडे पाहत बसावे, हे सरकारला रजेच्या नियमात बसवावेसे वाटले, ही लहान गोष्ट नाही.

दहा दिवस हा आकडा रमजानच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. विसाव्या रोज्याच्या संध्याकाळी, सूर्यास्ताआधी, मोहल्ल्यातला कोणीतरी अंथरूण-पांघरूण घेऊन मशिदीत जातो आणि ईदचा चंद्र दिसेपर्यंत तिथेच राहतो. याला एतिकाफ म्हणतात. अत्यावश्यक गरजेशिवाय बाहेर पडायचे नाही, व्यवहाराची बोलणी करायची नाहीत. महिला घरातल्याच एका कोपऱ्यात एतिकाफला बसतात. मोहल्ल्यातून एकजण बसला तरी साऱ्यांच्या वतीने ते पार पडते, कोणीच बसला नाही तर दोष साऱ्यांवर. विपश्यना आणि एतिकाफ यांची जात एक नाही. एक मनाच्या निरीक्षणाची पद्धत, दुसरी अल्लाहच्या इबादतीची. पण दुकानाच्या बाजूने पाहिले तर दोन्हींत एकच प्रकार घडतो. मालक दहा दिवस नसतो. गल्ल्याची चावी कुणाला तरी द्यावी लागते, उधारीची वही कुणाला तरी समजावून सांगावी लागते. माझ्याशिवाय पान हलत नाही, असे म्हणणाऱ्याची इथे परीक्षा होते. बाहेर आल्यावर दिसते की पान हलत होते. काही मालकांना याचा आनंद होतो, काहींना थोडे वाईटही वाटते. ज्याला वाईट वाटले त्याच्यासाठी एतिकाफ जास्त उपयोगाचा ठरला असे म्हणता येईल.

आता दुसरी बाजू. साहेब शांत झाला म्हणजे कारखाना चांगला झाला असे नाही. अमेरिकेतले व्यवस्थापनाचे प्राध्यापक रोनाल्ड पर्सर यांनी 2019 मध्ये 'मॅकमाइंडफुलनेस' नावाचे पुस्तक लिहून या साऱ्या धंद्यावर कोरडे ओढले. कामाचे तास तसेच, पगार तसाच, आणि कामगाराला श्वास मोजायला शिकवायचे. म्हणजे ताणाचा दोष पुन्हा त्याच्याच माथी. पर्सर स्वतः बौद्ध साधनेतले आहेत, त्यामुळे त्यांची टीका बाहेरच्या माणसाची नाही. ती इथेही लागू पडते. अगदी शांत आवाजात, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, मजुराची मजुरी दाबून ठेवणारे लोक प्रत्येक गावात असतात. त्यांच्याकडे भान भरपूर असते, ते सगळे स्वतःसाठी.

इथे हजरत अबू जर गिफारी (रजि.) यांची हकिकत आठवावी. ते पैगंबरांचे जवळचे सोबती. एकदा रागाच्या भरात त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. तो माणूस म्हणजे हजरत बिलाल, हबशी वंशाचे, पूर्वी गुलामीत राहिलेले, असे परंपरा सांगते. पैगंबरांच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी अबू जर यांना सुनावले की तुझ्यात अजून अज्ञानकाळातला अंश शिल्लक आहे. आणि पुढे एक दंडक घालून दिला. तुमचे सेवक हे तुमचे भाऊ आहेत, अल्लाहने त्यांना तुमच्या हाताखाली ठेवले आहे. तुम्ही खाता ते त्यांना खाऊ घाला, तुम्ही नेसता ते नेसवा, झेपणार नाही असे काम सांगू नका, आणि सांगितलेच तर स्वतः हात लावा. असा त्याचा आशय. मूळ अरबीतही 'हाताखाली' असाच शब्दप्रयोग आहे, जसा मराठीत. राग एका क्षणाचा होता. पण पैगंबरांनी विषय त्या क्षणावर ठेवला नाही. थेट जेवण, कपडा आणि कामाच्या ओझ्यावर नेला. नुसते 'राग आवर' म्हणून सोडले असते तर अबू जर सुटले असते.

रमजानात हा दंडक रोजच्या बारीक गोष्टींत उतरतो. दालमिलमध्ये दुपारच्या पाळीत रोजेदार मजूर फिरत्या पट्ट्याजवळ असेल आणि झोपेने त्याचे डोळे जड झाले असतील, तर पाळी बदलून देणे ही केवळ दया नव्हे, अपघात टाळण्याचा उपाय आहे. त्याची जागा घेणारा सहकारी बहुधा हिंदू किंवा बौद्ध असतो, आणि तो कुरकुर करत नाही, कारण दिवाळीत किंवा चौदा एप्रिलला जागा घेणारा दुसरा असतो. दवाखाने आणि एसटीच्या आगारांत ही अदलाबदल वर्षानुवर्षे चालत आली आहे. तिला कागदावर नाव नाही. उलट बाजूही असते. मालक रोजेदार आणि कामगार रोजा न धरणारे असतील तर पहिल्या दिवशी संकोचाने चहाच येत नाही. डबेही कोपऱ्यात, पाठ फिरवून उघडले जातात. ज्याला भान आहे तो मालक पहिल्याच सकाळी चहावाल्याला सांगून ठेवतो की रोजच्यासारखा दोन वेळा चहा आणायचा, पैसे माझ्याकडून. एवढे न सांगितल्याने कितीतरी ठिकाणी तीस दिवस लोक उगाच अवघडून राहतात. कठीण बैठका, कामाचे मूल्यमापन, हिशेबाची वादावादी सकाळी उरकावी, असर म्हणजे दुपारच्या उत्तरार्धातल्या नमाजनंतर कुणाच्या पोटावर पाय येईल असा निर्णय घेऊ नये, हेही अनुभवी लोक सांगतात. ज्याचा रोजा नाही त्यालाही तो सल्ला चालेल.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण बहुतेकांना ठाऊक असते. ईदच्या तोंडावर तिला वेगळे वजन येते. फितरा, म्हणजे गरिबांच्या ईदसाठी द्यायचे दान, ईदच्या नमाजआधी द्यायचे असते, नंतर दिले तर ते साधे दान होते. मजुरीलाही हीच घडी लागू केली तर चांदरातीला, म्हणजे ईदच्या आदल्या रात्री, कुणाला रिकाम्या हाताने घरी जावे लागणार नाही. अबू जर तर पुढे गेले. त्या प्रसंगानंतर ते आणि त्यांचा सेवक सारख्याच कापडाचे कपडे घालू लागले. पाहणारे बुचकळ्यात पडून विचारत, आणि मग ते ही सारी हकिकत स्वतःच सांगत. आपल्याकडेही ईदला कामगारांना कापड देणारे मालक आहेत, फक्त दोन ताग वेगळे असतात, एक घरच्यांसाठी आणि एक त्यांच्यासाठी. एकाच तागातून दोन्ही फाडायचे ठरवले तर फार खर्च वाढत नाही. अडचण एकच आहे. रमजान निम्मा सरला की शिंपी नवे कापड घ्यायला नाही म्हणू लागतात, तेव्हा हे आठवायचे असेल तर पंधराव्या रोज्याआधी आठवावे.